टेबलावर पास, शनीजवळ नापास

"माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य मी आजवर किती वेळा बोललोय, याचा हिशेब नाही. कोड मी लिहिला, टेस्टही मीच लिहिली, सगळं हिरवं दिसलं, आणि रात्री दोनला सिस्टीम कोसळली. आजची गोष्ट अशाच एका चुकीची आहे. फक्त ती चूक शनीच्या वाटेला लागली होती.

आधी थोडं बेसिक. मायक्रोवेव्ह रेडिओ टॉवरवर चढवण्याआधी दोन्ही सेट टेबलावर ठेवून केबलने जोडतात. मधे अ‍ॅटेन्युएटर लावतात, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमजोर करणारा भाग. हवेतून जाताना सिग्नल जितका क्षीण होईल तितका इथेच करायचा आणि डेटा नीट पोचतो का ते बघायचं. ही बेंच टेस्ट. त्यातूनही काही सुटलंच, तर माणूस टॉवरवर चढून सेट खाली आणू शकतो.

१५ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅसिनी यान निघालं, तेव्हा ही सोय संपली. त्याच्या पोटात हायगेन्स नावाचं युरोपियन यान होतं. ते शनीच्या टायटन या चंद्रावर उतरणार, साधारण २ गिगाहर्ट्झवर, सेकंदाला ८१९२ बिट या वेगाने कॅसिनीला डेटा पाठवणार आणि कॅसिनी तो पृथ्वीकडे देणार. संधी एकच, तीही काही तासांची.

आता डॉप्लर इफेक्ट आठवा. गाडी जवळ येताना भोंगा चढा ऐकू येतो. कॅसिनी सेकंदाला साधारण साडेपाच किलोमीटर वेगाने हायगेन्सच्या दिशेने येणार होतं, त्यामुळे फ्रिक्वेन्सी सुमारे ३८ किलोहर्ट्झने सरकणार होती. रिसीव्हर बनवणाऱ्यांनी ते धरलं होतं. पण गाडी जवळ आली की भोंग्यासोबत डब्यांचा खडखडाटही लवकर लवकर ऐकू येतो ना? तसे बिटही किंचित लवकर येणार होते. फरक सेकंदाला एका बिटपेक्षाही कमी! पण बिटची लय पकडणाऱ्या सर्किटला तेवढाही झेपणार नव्हता.

उड्डाणाआधी हे सापडलं असतं. पण प्रत्यक्ष परिस्थितीसारखी पूर्ण टेस्ट करायची, तर यानाचे काही भाग सुटे करून पुन्हा प्रमाणित करावे लागले असते. ती टेस्ट टळली. थोडक्यात, टेबलावर सगळं होतं, फक्त वेग नव्हता.

फेब्रुवारी २००० मध्ये बोरिस स्मेड्स या इंजिनियरने हट्ट धरला, की नुसता सिग्नल पोचतो का ते बघून चालणार नाही. डॉप्लरसकट खोटा डेटा पाठवून बघू. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या अँटेनावरून तो पाठवला. सिग्नल ठणठणीत पोचला, डेटा मात्र कचरा!

दुरुस्ती फर्मवेअरमधली, पृथ्वीवर असती तर किरकोळ. पण तिथे तो फर्मवेअर बदलताच येत नव्हता. मग काय बदललं? रस्ता! कॅसिनी टायटनपासून सुमारे १,२०० किलोमीटरवरून जाणार होतं, ते ६०,००० किलोमीटरवरून न्यायचं ठरलं. म्हणजे ते समोरून येण्याऐवजी बाजूने जाईल आणि डॉप्लर कमी होईल. त्यासाठी हायगेन्सचं उतरणं नोव्हेंबर २००४ वरून १४ जानेवारी २००५ वर ढकललं. आणि हायगेन्स उतरलं, बोललं, जगाने टायटनची जमीन पाहिली.

तरी एक गोष्ट राहिलीच. दोनपैकी एका चॅनेलसाठी लागणारी रिसीव्हर चालू करण्याची कमांड यादीत टाकायला विसरले होते. जवळपास निम्मे, म्हणजे सुमारे ३५० फोटो त्यातच गेले.

म्हणून आता रिलीजच्या आधी मी "टेस्ट पास झाली का?" एवढ्यावर थांबत नाही. "टेबलावर काय ठेवलंच नव्हतं?" हेही विचारतो. टीममधले वैतागतात. वैतागू देत.

तुमची अशी एखादी राहिलेली टेस्ट असेल तर कळवा. भेटू पुढच्या भागात!