पाटाडी : गाण्याचा माणूस

जुबिलीच्या निमित्तानें देवमंदिरांतील जुनीं रजिस्टरें उघडलीं जातात. बाप्तिस्मा कोणाचा, विवाह कोणाशीं, मूठमाती केव्हां, हें सर्व त्यांत असतें. पणजोबांचें नांव विसरलेल्या घरासही तें तेथें सांपडतें. आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेस, सालेकसा व देवरी या तालुक्यांच्या अरण्यांत, गोंड बांधवांचें रजिस्टर म्हणजे एक माणूस असे. त्यास गोंडी भाषेंत पाटाडी म्हणत. या जुन्या शब्दाविषयीं चार ओळी लिहाव्या असें आम्हांस वाटतें.

गोंडींत 'पाटा' म्हणजे गाणें. तेलुगूंतील 'पाट' व तमिळांतील 'पाट्टु' हे त्याचेच सोयरे. तेव्हां पाटाडी म्हणजे गाण्याचा माणूस. बाहेरच्यांनीं त्यास 'परधान' म्हटलें. तो शब्द संस्कृत 'प्रधान' याचा, म्हणजे मंत्र्याचा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत 'परधान, पथारी, सरोती' अशी नोंद आहे. मराठी वाचकास 'पथारी' म्हणतांच अंथरूण आठवेल. परंतु पाटाडीचेंच तें रूप होय.

पाटाडीचें वाद्य तीन तारांचें व गजानें वाजवावयाचें. कोठें त्यास किंगरी म्हणतात, मंडल्याकडे बाना. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघांत राहिलेले शामराव हिवाळे यांनीं १९४६ सालीं मंडल्याकडील परधानांवर ग्रंथ लिहिला. त्यांतून दिसतें कीं, परधान दर तिसऱ्या वर्षीं आपल्या गोंड यजमानाच्या घरीं बाना घेऊन जाई, आणि बडा देव त्या बान्यांतच वसतो अशी श्रद्धा असे. तो कुळाची वंशावळ गाई, देवांच्या कथा गाई, आणि धान्य, वस्त्र, कधीं गुरें घेऊन परत जाई. दाविदाची वीणा आपण सर्व जाणतों. ही किंगरी मात्र आपल्या वेशीवर असून आपणांस अपरिचित राहिली.

दरेकसा स्टेशनाजवळील कचारगडच्या गुहेची कथा तर वाजविणाऱ्याचीच आहे. शंभूनें कोंडलेलीं कली कंकालीचीं तेहतीस मुलें पहांदी पारी कुपार लिंगो यांस सोडवावयाचीं होतीं. शिळा हलेना. तेव्हां हिरासुका पाटालीर यानें किंगरी वाजविली. त्या सुरांनीं मुलांस बळ आलें, त्यांनीं शिळा लोटली, आणि हिरासुका तिच्याखालीं चिरडला गेला. माघ पौर्णिमेस तेथें जमणारे हजारो गोंड यात्रेकरू ही कथा ऐकतात.

इतकें असून त्याचें स्थान खालचेंच. ज्याच्या तोंडून आपले पूर्वज ऐकावयाचे, त्याच्या हातचें शिजलें अन्न गोंड घेत नसत, आणि त्याच्याशीं बेटीव्यवहारही करीत नसत. आम्हां ख्रिस्ती जनांस येथें दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार नाहीं. जातीची पंगत आपल्याही अंगणांत मांडली गेली आहे.

लिंगोचें दीर्घ गीत कागदावर आलें तें नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळें. परधानांच्या तोंडून तें उतरवून घेण्यांत आलें होतें. हिस्लॉप १८६३ सालीं नदींत बुडून वारले, आणि १८६६ सालीं रिचर्ड टेंपल यांनीं त्यांचीं टिपणें छापलीं. हा उपकार मोठाच. तरी मुखपृष्ठावर नांवें हिस्लॉप आणि टेंपल यांचीं. ज्याच्या कंठांत तें गीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलें, त्या गाणाऱ्यास तेथें जागा नाहीं.

पुढें यजमान गरीब झाले, दान आटलें, आणि पुष्कळ घरांतून बाना खुंटीवरच राहिला. पाटणगडच्या परधान घराण्यांतील जनगढ सिंह श्याम (१९६२–२००१) यांनीं भोपाळच्या भारत भवनांत येऊन, पूर्वज ज्या देवांस गात, ते देव रंगांनीं काढले. त्या चित्रशैलीस आज 'जनगढ कलम' म्हणतात. या वेळीं वाजविणाऱ्याचें नांव राहिलें.