ब्राउनिंग पिस्तूल

ब्राउनिंग पिस्तूल : अमेरिकन शस्त्रकार जॉन मोझेस ब्राउनिंग (1855–1926) यांनी सिद्ध केलेले स्वयंभरण पिस्तूल. बेल्जियममध्ये लीएज शहरानजीक एर्स्टाल येथील फाब्रिक नास्योनाल या कारखान्यात त्याची निर्मिती सुरू झाली आणि 1900 साली बेल्जियमच्या लष्कराने ते आपल्या अधिकाऱ्यांसाठी मुक्रर केले. महाराष्ट्रात मात्र हे नाव घरोघरी पोहोचले ते नाशिकच्या 1909 सालच्या प्रकरणामुळे.

लष्कराने स्वीकारलेल्या त्या नमुन्यात 7.65 मिलिमीटर व्यासाची सात काडतुसे मुठीतील पेटीत बसत. चाप ओढल्यावर गोळी सुटली की तिच्या प्रतिक्षेपाने वरचा पोलादी सरकता भाग मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो, आणि नळीच्या वरच्या अंगास बसविलेल्या स्प्रिंगच्या जोराने पुढे येता येता पेटीतील नवे काडतूस नळीत सारतो. हीच स्प्रिंग काडतुसाच्या टोपीवर आघात करणाऱ्या खिळ्यालाही गती देते. एकाच अवयवाकडून दोन कामे करून घेण्याची ही युक्ती ब्राउनिंग यांच्या प्रतिभेची खरी साक्ष होय. रिव्हॉल्व्हरचे जाडजूड फिरते चाक येथे नसल्यामुळे हत्यार चपटे, आटोपशीर आणि कपड्याआड सहज मावणारे झाले.

लष्करी अधिकाऱ्याच्या सोयीचे हे गुण गुप्त वाहतुकीलाही तितकेच अनुकूल ठरले. 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे ज्या देशात गुन्हा ठरले होते, त्या देशात विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले व त्यांची काडतुसे धाडली. तेथील इंडिया हाउस या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातील आचारी चतुर्भुज अमीन यांच्या पेटीला खोटा तळ करून त्यात ती दडविलेली होती. जून 1909 मध्ये सावरकरांचे ज्येष्ठ बंधू बाबाराव यांना राजद्रोहाबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांच्यावरील खटला सेशन कोर्टाकडे पाठविणारे नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हे संस्कृतचे व्यासंगी होते. त्यांच्या बदलीनिमित्त 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग योजिला होता. तेथे अनंत लक्ष्मण कान्हेरे या औरंगाबादेत शिकणाऱ्या तरुणाने लंडनहून आलेल्या त्या पिस्तुलांपैकीच एकाने जॅक्सन यांचा वध केला. कान्हेरे आणि या कटातील त्यांचे साथीदार कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. पिस्तुले पाठविल्याचा आरोप सावरकरांवरील खटल्यात प्रमुख होता, आणि त्या खटल्यातून अंदमानची वाट सुरू झाली. यंत्रविद्येच्या एका लहानशा वस्तूने इतकी माणसे इतक्या दूरवर नेल्याचे उदाहरण आपल्या इतिहासात विरळा.

ज्या सरकारविरुद्ध ही पिस्तुले वापरली गेली त्याचे स्वतःचे लष्कर त्या काळी 1887 पासून चालत आलेल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरवरच विसंबून होते. धूळ, चिखल व हयगय यांत स्वयंभरण यंत्र अडकेल, ही शंका अनेक फौजांना होती आणि ती निराधार नव्हती. तिचे निरसन करणारी सर्वांत कठोर परीक्षा मार्च 1911 मध्ये अमेरिकेत झाली. ब्राउनिंग यांनी रचलेल्या कोल्ट पिस्तुलातून 6,000 गोळ्या झाडण्यात आल्या; ते एकदाही अडले नाही, तर प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तूल 37 वेळा बिघडले. त्याच महिन्यात कोल्ट पिस्तूल अमेरिकन सैन्याने स्वीकारले.

ब्राउनिंग यांचा मृत्यू 1926 साली एर्स्टालच्या कारखान्यातच झाला. त्यांचे अपुरे राहिलेले काम द्यूदोने सैव्ह यांनी तडीस नेले, आणि 1935 साली तेरा काडतुसांची पेटी असलेले 9 मिलिमीटरचे ‘हाय पॉवर’ पिस्तूल तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडातील जॉन इंग्लिस कंपनीनेही बनविले. भारतीय लष्कराचे 9 मिलिमीटर पिस्तूल याच आकृतीवर बेतलेले असून त्याची निर्मिती बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात होत आली आहे.