जयपूर फूट आणि काळ्या रानातील कष्टकरी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कृत्रिम पायाच्या इतिहासात १९६८ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. तत्पूर्वीचा पाश्चात्त्य बनावटीचा पाय खुर्ची व बूट गृहीत धरून घडविलेला होता. तो लावून मांडी घालणे वा उकिडवे बसणे कठीण, चिखलात अनवाणी उतरणे तर दूरच. मुरुड परिसरातील रानात खुरपणी करणाऱ्या स्त्रीस त्याचा उपयोग तो काय? जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर व लाकूड वापरून घोट्यात वळणारा पाय सिद्ध केला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो विनामूल्य दिल्यामुळे सामान्यांपर्यंत पोहोचला. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार सेठींना लाभला. जमिनीवर बसणाऱ्या माणसाची गरज हाताने घडविणाऱ्या शर्मांचे नाव मात्र बरेच मागे राहिले.