सिगारेटमधलं निकोटीन कमी केलं तर काय होतं? ‘लाइट’ आणि खरोखर कमी निकोटीन यातला फरक

“मी लाइट ओढतो रे, तिच्यात निकोटीन कमी असतं.” आयटी पार्कबाहेरच्या टपरीवर हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण एखादी सिस्टीम इनपुट कमी केल्यावर कशी वागते, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. आणि सिगारेट ओढणारं शरीर ही एक सिस्टीमच आहे. त्यामुळे या विषयावर झालेलं संशोधन सोप्या भाषेत मांडतो.

आधी एक गोष्ट पक्की करूया. ‘निकोटीन कमी’ या दोन शब्दांचे दोन वेगळे अर्थ आहेत: एक म्हणजे धूर पातळ करणं, दुसरा म्हणजे तंबाखूतूनच निकोटीन काढणं. दोन्हींचे परिणाम जवळजवळ उलटे आहेत.

निकोटीन नेमकं काय करतं?

झुरका घेतल्यावर निकोटीन फुप्फुसातून रक्तात आणि तिथून साधारण १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचतं. तिथे डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं. रक्तातलं निकोटीन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येतं. पातळी खाली आली की चिडचिड, अस्वस्थपणा आणि पुन्हा तलफ. म्हणजे दिवसभर ओढणारा माणूस मजेसाठी कमी आणि पातळी टिकवण्यासाठी जास्त ओढत असतो. हा झाला फीडबॅक लूप.

‘लाइट’ सिगारेट: मशीन फसतं, शरीर नाही

पाकिटावरचा निकोटीन आणि टारचा आकडा येतो कुठून? अमेरिकेत १९६७ पासून हे मोजायला मशीन वापरलं जायचं. ते दर मिनिटाला एक, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा झुरका घ्यायचं. कंपन्यांनी फिल्टरच्या कागदाला बारीक छिद्रं पाडली. त्या छिद्रांतून हवा आत येते, धूर पातळ होतो आणि मशीनवर आकडा कमी दिसतो. आतल्या तंबाखूत मात्र निकोटीन भरपूर असतंच.

माणूस मशीनसारखा ओढत नाही. पातळी कमी पडली की तो नकळत खोल झुरका घेतो, जास्त झुरके घेतो, बोटांनी किंवा ओठांनी ती छिद्रं झाकतो. याला संशोधक भरपाई म्हणतात.

हे फोनच्या कॅमेऱ्यासारखं आहे. ऑटो मोडवर खोलीतला उजेड थोडा कमी करा. कॅमेरा स्वतःहून आयएसओ वाढवतो आणि फोटो जवळपास तेवढाच उजळ येतो, फक्त त्यात दाणे वाढतात. लाइट सिगारेटचंही तसंच. निकोटीन जवळपास तेवढंच मिळतं आणि सोबत टारही येतं. म्हणूनच अमेरिकेत २०१० पासून पाकिटावर ‘लाइट’, ‘लो’, ‘माइल्ड’ असे शब्द वापरायला बंदी आली.

तंबाखूतूनच निकोटीन काढलं तर?

आता कॅमेऱ्याच्या लेन्सवर पूर्ण बोट ठेवा. आयएसओ कितीही वाढवा, फोटो काळाच. हाच दुसरा प्रकार.

१९९४ मध्ये नील बेनोविट्झ आणि जॅक हेनिंगफील्ड या अमेरिकन संशोधकांनी मांडलं, की सिगारेटमधलं निकोटीन एका ठरावीक पातळीच्या खाली नेलं तर ती व्यसन लावू शकणार नाही. जनुकीय बदल करून अगदी कमी निकोटीन असलेलं तंबाखूचं रोप तयार करता येतं, त्यामुळे तशा सिगारेटी बनवून तपासणंही शक्य झालं.

२०१५ मध्ये एरिक डॉनी आणि सहकाऱ्यांचा प्रयोग ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. ८४० जण, सहा आठवडे. सिगारेट सोडायची अशी त्यांची सध्या तरी इच्छा नव्हती. काहींना त्यांचा नेहमीचा ब्रँड दिला, बाकीच्यांना वेगवेगळ्या निकोटीनच्या सिगारेटी. सहाव्या आठवड्यात रोज सरासरी किती ओढल्या ते बघा:

- नेहमीचा ब्रँड: २२.२
- तंबाखूच्या ग्रॅममागे १५.८ मिलिग्रॅम निकोटीन (जवळपास नेहमीइतकं): २१.३
- ५.२ मिलिग्रॅम: २०.८
- २.४ मिलिग्रॅम: १६.५
- १.३ मिलिग्रॅम: १६.३
- ०.४ मिलिग्रॅम: १४.९

५.२ ची ओळ नीट बघा. निकोटीन एक तृतीयांशावर आणलं, तरी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. निम्मं-अर्धं कमी करून भागत नाही, आकडा फार खाली न्यावा लागतो. तिथे पोहोचल्यावर मात्र सिगारेटी कमी झाल्या, तलफ कमी झाली आणि निकोटीनवरचं अवलंबन उतरलं.

मग लोकांनी भरपाई म्हणून जोरात ओढल्या नाहीत का? श्वासातला कार्बन मोनॉक्साइड आणि झुरक्यांचं एकूण प्रमाण मोजलं, त्यात ठळक वाढ दिसली नाही. साधा हिशेब करा. एका सिगारेटमध्ये अंदाजे ०.७ ग्रॅम तंबाखू धरली, तर ०.४ वाल्या सिगारेटमध्ये मिळून निकोटीन ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास. साध्या सिगारेटमधून शरीरात साधारण १ मिलिग्रॅम जातं. जे आत नाहीच, ते कितीही ओढलं तरी कुठून येणार?

ओढणाऱ्याला काय जाणवतं?

पहिली तक्रार चवीची. घशाला बसणारा तो ठसका जाणवत नाही, समाधान होत नाही. तरीही एक गंमत आहे. निकोटीन जवळजवळ नसलेली सिगारेटसुद्धा थोड्या वेळापुरती तलफ भागवते. कारण हातात धरणं, पेटवणं, धुराचा वास, चहासोबतचा ब्रेक या सगळ्याची मेंदूने निकोटीनशी सांगड घातलेली असते. नोटिफिकेशनचा आवाज आला की काही महत्त्वाचं नसलं तरी हात फोनकडे जातो, तसंच. पण आवाजानंतर दरवेळी काहीच नवीन नसेल, तर हळूहळू ती ओढ ढिली पडते.

हेही खरं, की प्रयोगातल्या बऱ्याच जणांनी मधूनमधून आपली जुनी सिगारेट ओढली. बाजारात जोरदार सिगारेट मिळत असताना फिकी कोण ओढणार? १९८९ च्या सुमारास फिलिप मॉरिसने ‘नेक्स्ट’ नावाची निकोटीन काढलेली सिगारेट अमेरिकेत काही ठिकाणी विकून पाहिली होती. लोकांनी घेतली नाही, ती बंद पडली. म्हणून हा मार्ग एका ब्रँडने चालत नाही, नियम सगळ्या सिगारेटींना लागू लागतो.

हळूहळू की एकदम?

आपल्याला वाटतं, सवय हळूहळू कमी करावी. डोरोथी हत्सुकामी आणि सहकाऱ्यांनी १२५० जणांवर २० आठवडे हेच तपासलं. निकाल २०१८ मध्ये आले. एकदम कमी केलेल्या गटात धुरातल्या विषारी घटकांचा शरीराशी आलेला संपर्क घटला. हळूहळू कमी केलेल्या गटात नेहमीच्या सिगारेटवाल्यांच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही. पण एकदम कमी केलेल्या गटातून प्रयोग सोडून जाणारेही जास्त होते. म्हणजे उपाय चालतो, पण त्रास होतोच.

मग ही सिगारेट सुरक्षित का?

अजिबात नाही. गैरसमज इथेच होतो. व्यसन लावतं निकोटीन, पण कॅन्सर आणि फुप्फुसाच्या आजारांमागे मुख्यतः जळलेल्या तंबाखूचा धूर असतो: टार, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड. निकोटीन काढलं तरी तंबाखू जळतेच. फायदा एवढाच, की सोडणं सोपं जातं आणि नव्याने ओढणाऱ्याला चटक लागण्याची शक्यता घटते.

असा नियम कुठे आहे?

न्यूझीलंडने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा केला: ग्रॅममागे जास्तीत जास्त ०.८ मिलिग्रॅम. अंमलबजावणी २०२५ मध्ये होणार होती, पण सरकार बदललं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ही तरतूद रद्द झाली. अमेरिकेत एफडीएने जानेवारी २०२५ मध्ये ०.७ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. नियम लागू झाल्यावर पहिल्या वर्षात सुमारे १.२९ कोटी लोक सिगारेट सोडतील, असा तिचा अंदाज होता. पण तो प्रस्ताव आहे, लागू झालेला नियम नाही.

आपल्यासाठी यात काय?

आपल्याकडे २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सिगारेटपेक्षा बिडी ओढणारे जास्त निघाले, आणि धूर न येणारी तंबाखू खाणारे त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे फक्त सिगारेटचा नियम इथे पुरणार नाही. शिवाय टपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याला पाकिटावरची सूचनाही दिसत नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी आणली त्यामागचं एक कारण हेच.

तुम्ही ओढत असाल, तर ब्रँड बदलून ‘कमी’ करण्याच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा आठवडाभर फोनच्या नोट्समध्ये एकच गोष्ट लिहा: उठल्यापासून पहिली सिगारेट किती मिनिटांनी? व्यसन किती मुरलंय, हे ओळखायला डॉक्टरही हा प्रश्न विचारतात. अर्ध्या तासाच्या आत असेल, तर एकट्याने झगडू नका. निकोटीन गम किंवा पॅच यांत निकोटीन असतं, पण धूर नसतो. डॉक्टरांना विचारून वापरता येतात.

राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा टोल-फ्री नंबर १८००-११-२३५६ आहे, आणि केंद्र सरकारच्या एसएमएस सेवेसाठी ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्यायचा. दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. स्वतःला लागले नाहीत, तरी ‘मी लाइटच ओढतो’ म्हणणाऱ्या एखाद्या मित्राला नक्की लागतील.