ब्रेक ऑइल, जुना बूट आणि ड्रममधली धूळ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखाण. रेकॉर्डिंगमध्ये मी दोन-तीनदा भरकटलो होतो, ते इथे कापलंय.

घनसावंगीकडच्या एका श्रोत्याचा प्रश्न होता: "पिकअपचे ब्रेक घरीच करावेत का? व्हिडिओ बघितले, जमेल असं वाटतं." आपल्या जालना जिल्ह्यात हा प्रश्न अगदी रोजचा आहे. मोसंबीच्या हंगामात गाडी दोन दिवस गॅरेजला अडकली की भाडं जातं. म्हणून चाक काढून, पाने घेऊन माणूस स्वतःच खाली बसतो. माझे अंबड तालुक्यातले मामा गेली कित्येक वर्षं तसंच करतात. हो की नाही हे उत्तर शेवटी देतोच. पण त्याआधी या कामाचा इतिहास ऐका, कारण त्यातली प्रत्येक पायरी कुणीतरी मार खाऊन शिकलेली आहे.

सुरुवात बैलगाडीपासून. सपाट रानात गाडीला ब्रेकची गरजच नसते, बैल थांबले की गाडी थांबते. पण उतार लागला की मागचा सगळा भार जुवावर, म्हणजे बैलांच्या मानेवर येतो. म्हणून घाटात लाकडी ठोकळा दोरीने चाकाच्या लोखंडी धावेवर आवळायचे. लाकूड घासायचं, झिजायचं, जळका वास यायचा. पावसात तर पकडच नाही.

आता जरा लांब जाऊ. इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस हेच बघत होता. तिथले घोडागाडीवाले ठोकळ्यावर जुन्या बुटाचं चामडं ठोकायचे, त्याने पकड सुधारायची, असं सांगतात. १८९७ मध्ये फ्रूडने यातूनच धंदा काढला: कापसाच्या जाड पट्ट्याला राळ पाजून केलेलं लायनर. आडनावाची अक्षरं फिरवून, त्यात एक 'ई' घालून त्याने नाव ठेवलं 'फेरोडो'. हे नाव आजही स्पेअर पार्टच्या दुकानात डब्यावर दिसतं.

कापसाचं लायनर घोडागाडीला पुरेसं होतं. मोटारीला नाही. का, ते आकड्यात बघू, मला आकड्यांशिवाय चैन पडत नाही. भरलेली पिकअप, गाडीसकट तीन टन, वेग ताशी ६० किलोमीटर. ती थांबवायची म्हणजे साधारण ४१७ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवायची. ती जाते उष्णतेत. तेवढ्यात सव्वा लिटरहून जास्त साधं पाणी उकळी येईपर्यंत तापेल. हे झालं एकदा थांबण्याचं. तीच गाडी २५० मीटर खोलीचा घाट फक्त ब्रेकवर उतरवली, तर अख्खा हंडाभर पाणी उकळेल. कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगावला मोसंबी नेणाऱ्यांनी हा हंडा डोळ्यासमोर ठेवावा आणि उतारावर खालचा गिअर टाकावा. परमिटपेक्षा टनभर जास्त माल घेतला असेल तर हंडाही तेवढ्याच प्रमाणात मोठा करा.

ही उष्णता सोसणारं काहीतरी हवं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सापडलं: अॅस्बेस्टॉस. दगडातून निघणारे धागे, जळत नाहीत, स्वस्त, झिजायलाही हळू. याच सुमारास, १९०२ मध्ये, फ्रान्सच्या लुई रेनॉने ड्रम ब्रेकला आजचं रूप दिलं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं ड्रममध्ये अॅस्बेस्टॉसचंच राज्य होतं. धुळीकडे नंतर येतो. ती या गोष्टीतली सगळ्यात वाईट बाब आहे आणि गॅरेजमध्ये सगळ्यात कमी बोलली जाणारी.

आधी पेडल. सुरुवातीच्या मोटारींत पेडलपासून चाकापर्यंत सळ्या नाहीतर केबल असायच्या. चारही चाकांना सारखा ताण देणं म्हणजे रोजची डोकेदुखी. एका चाकाला जास्त ओढ बसली की गाडी आडवी. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने यावर द्रवाचा उपाय काढला. बंद नळीतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलचं शाळेतलंच तत्त्व. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर असे ब्रेक आले. फोर्डने मात्र १९३९ पर्यंत हट्टाने लोखंडी जोडणीच ठेवली.

सुरुवातीच्या त्या नळ्यांत काय भरायचे माहितीये? अल्कोहोलमध्ये मिसळलेलं एरंडेल. हो, तेच, आजीच्या कपाटातलं. म्हणजे 'ब्रेक ऑइल' हा शब्द तेव्हा खरोखर बरोबर होता! आजचं ब्रेक ऑइल तेल नाही. ते ग्लायकॉल जातीचं रसायन आहे. शब्द मात्र चिकटून राहिला आणि त्याच शब्दाने घोटाळा होतो. "ऑइलच आहे ना" म्हणून कुणी डब्यातलं इंजिन ऑइल ओततं. त्याने आतले रबर फुगतात, पंप अडकतो. मग पंप, व्हील सिलिंडर, पाइप, सगळं खोलायची वेळ येते.

दुसरी गोष्ट, हे रसायन हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ लिहिलेला नवा डबा किमान २०५ अंशाला उकळतो. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ती मर्यादा १४० वर येते. घाटात ब्रेक तापले, आत वाफ झाली, की पेडल थेट खाली जातं. वाफ दबते, द्रव दबत नाही, एवढंच कारण. लोक म्हणतात "ब्रेक फेल झाला". वस्तू एकही तुटलेली नसते, दोन-तीन वर्षं न बदललेलं ब्रेक ऑइल असतं. घरी उघडून ठेवलेला, पावसाळा पाहिलेला अर्धा डबा वापरू नका. नवीन सीलबंद डबा त्या मानाने काहीच महाग नाही.

आपल्या रस्त्यांवर हे तंत्र कसं आलं? जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. निजाम रेल्वेने १९३२ मध्ये २७ बस घेऊन सरकारी रस्ते वाहतूक सुरू केली. गावाकडच्या कच्च्या वाटांवर मोटार नेण्यात मोठा हात मात्र जीपचा. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली. तिला चारही चाकांवर द्रवाचे ब्रेक होते, पण सर्किट एकच. एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. नंतर १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि तिच्या तीनचाकीवरून 'टेम्पो' हा शब्द कुठल्याही मालगाडीला लागला, तो वेगळ्या भागाचा विषय. आजच्या पिकअपला दोन सर्किट असतात, एक गेलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. बऱ्याच पिकअपांत मागच्या एक्सलवर एक छोटा व्हॉल्व्हही असतो. माल किती आहे ते बघून तो मागच्या चाकांचा दाब ठरवतो. पाटे वाढवले की त्याचा दांडा पुन्हा बसवावा लागतो. हे काम घरचं नाही.

आता धूळ. १९२४ मध्ये इंग्लंडमधल्या रोचडेलच्या अॅस्बेस्टॉस गिरणीतली कामगार नेली केरशॉ वारली, वय ३३. तिची फुफ्फुसं तपासणाऱ्या डॉ. विल्यम कुक यांनी कारण छापलं आणि तीन वर्षांनी आजाराला नाव दिलं: अॅस्बेस्टोसिस. ब्रिटनने १९३१ मध्ये गिरण्यांसाठी नियम केले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच हे माहीत होतं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये आदेश दिला की अॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं ठेवा. चाळीस का? कारण आजार उशिरा दिसतो, अनेकदा वीस-तीस वर्षांनी. २००५ मध्ये डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: मुंबईतल्या एका अॅस्बेस्टॉस कारखान्यातले १८१ कामगार तपासले, ४१ जणांना अॅस्बेस्टोसिस निघाला.

कारखान्याला निदान हजेरीपट असतो. गॅरेजमधल्या पोराच्या नोंदी कोण ठेवणार? आणि अंगणात बसलेल्या मामांच्या?

पूर्ण चित्र सांगायचं तर ब्रेकच्या उष्णतेने अॅस्बेस्टॉसचा बराचसा भाग दुसऱ्या खनिजात बदलतो, म्हणून धूळ तितकी घातक नाही असा युक्तिवाद झाला. पण सगळा बदलत नाही. नवं लायनर कानशीने घासलं तर अजिबातच बदललेला नसतो. आज नावाजलेल्या कंपन्यांचे पॅड अॅस्बेस्टॉसविना येतात, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. भारतात अॅस्बेस्टॉसची आयात मात्र अजून चालू आहे, बहुतेक सिमेंटच्या पत्र्यांसाठी. त्यामुळे बिननावाच्या स्वस्त लायनरमध्ये नेमकं काय आहे, ते डोळ्यांनी कळत नाही.

आणि आपण करतो काय? ड्रम काढला की तोंडाने फुंकर, नाहीतर काँप्रेसरची हवा. शेजारी टॉर्च धरायला घरातलं लहान पोरगं, नेमकं त्या धुळीच्या उंचीवर. मामांना मी हे सांगितलं तर ते हसले, "आम्हाला काय झालं?" पण दुसऱ्या आठवड्यात बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून ड्रमवर पाणी मारताना दिसले. तेवढंच करायचं असतं: आधी भिजवायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. आणि टॉर्च डोक्याला बांधायचा मिळतो.

तर श्रोत्याचं उत्तर. पुढचे पॅड घरी बदला, जमतं. जमीन कडक हवी, बाकीच्या चाकांना दगड लावलेले हवेत, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर हवी. पिस्टन मागे दाबताना वरच्या टाकीतलं ऑइल उतू जातं का ते बघत राहा, सांडलं तर रंग खातं. मागचे लायनर पहिल्यांदा करताना एकच बाजू खोला, म्हणजे स्प्रिंगा कशा होत्या ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले चुकलं तर जुनी आवृत्ती परत टाकतो, इथे ती जुनी आवृत्ती म्हणजे न खोललेला ड्रम. पंप, पाइप, एबीएस आणि तो मागचा व्हॉल्व्ह गॅरेजला द्या. सगळं बसल्यावर इंजिन सुरू करून पेडल कडक लागेपर्यंत दाबा आणि मगच गिअर टाका, कारण नवे पॅड डिस्कला टेकेपर्यंत पहिले दोन-तीन दाब रिकामे जातात. मग रिकाम्या गाडीने, शेतातल्या सपाट वाटेवर, ताशी दहाच्या वेगाने दोन-चारदा थांबून बघा. माल त्यानंतर भरा.