आधार कोणाच्या मर्जीने?
आजच्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ साली अणुवीज तयार होऊ लागली, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली, बोईसर कामगारांनी भरले. कामगार म्हणजे धडधाकट माणूस, हे गृहीतच होते; ज्याला कुशीवर वळवायलाही दुसरा लागतो, त्याच्यासाठी घर किंवा आश्रम. एवढीच सोय अपुरी आहे, असे कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी दाखवून दिले. सोळाव्या वर्षी कमरेखाली लुळ्या पडलेल्या नसीमादीदींनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली, पुढे सिंधुदुर्गात चाकाच्या खुर्चीवरून काजूप्रक्रिया करता येईल असे केंद्र उभारले. अशा आधारासाठी एवढा पैसा कुठून आणायचा, हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण खर्च आजही होतोच: आईची मजुरी बुडते, बहिणीची शाळा सुटते, हा खर्च फक्त कोणी मांडत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने जास्त आधार लागणाऱ्याला तो स्वतः मागण्याचा मार्ग दिला. २०१४ साली जिल्हा झालेल्या पालघरमध्ये तो मार्ग जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांपर्यंत न्यायलाच हवा.