मोनाड: हॅस्केलच्या आधी गोफरमध्ये

१९९० साली हॅस्केलची पहिली व्याख्या प्रसिद्ध झाली, तेव्हा या भाषेत वापरणाऱ्याला नाव विचारून ते छापणंही किचकट होतं. शुद्ध फंक्शन एकाच इनपुटला नेहमी एकच उत्तर देतं. कीबोर्ड तसं कुठे देतो?

वाट गणितात होती. रॉजर गोदमां यांच्या १९५८ च्या पुस्तकातली एक रचना पुढे ‘मोनाड’ म्हणून ओळखली गेली. १९८९ मध्ये युजेनियो मोजी यांनी तिच्या आधारे प्रोग्रामचा अर्थ मांडला. फिलिप वॉडलर यांनी ती प्रोग्रामरच्या हाती दिली.

सगळ्यात साधा मोनाड म्हणजे ‘मेबी’. ग्राहक क्रमांकावरून पत्ता शोधायचा, पत्त्यावरून तालुका, तालुक्यावरून शाखा. दर पायरीला ‘सापडलं नाही’ असं होऊ शकतं. एरवी दर वेळी इफ लिहायचा आणि एखादा विसरायचा (मी विसरलोय). मोनाडमध्ये ही तपासणी पायऱ्यांच्या जोडणीतच असते: एक पायरी रिकामी निघाली, की पुढच्या चालतच नाहीत.

लिस्ट, मेबी, इनपुट-आउटपुट या सगळ्यांना एकच ‘मोनाड’ क्लास लावायची सोय हॅस्केलच्या व्याख्येत १९९६ मध्ये आली. मार्क जोन्स यांच्या छोट्याशा गोफर भाषेत ती त्याआधीच होती. आणि गोफर पुणे विद्यापीठात शिकवली जायची. तिथे तिची ‘पुगोफर’ ही आवृत्तीही झाली.

कोल्हापुरात इंजिनिअरिंग करताना आम्हाला सी आणि जावा होतं. मोनाड मला भेटला तो नोकरीत, जावा ८ मधल्या ‘ऑप्शनल’च्या रूपात, तोही अर्धामुर्धा.